लाल फितीच्या पिना

आमच्या खटाव तालुक्यात घरटी एक माणूस मिलिटरीत असतोच. पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही, मग पोरगं दहावीपर्यंत ढकलत न्यायचं आणि भरतीला पाठवायचं, ही जुनी रीत. त्यामुळं पारावर बसलं की लढाईच्या गोष्टींना तोटा नसायचा. कुणी पासष्टचं सांगायचा, कुणी एकाहत्तरचं. मराठा पलटणीतली माणसं मिशीवर हात फिरवत बोलायची आणि आम्ही पोरं तोंड उघडं टाकून ऐकायचो.

आमचे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते मात्र एअरफोर्समध्ये होते. गावात ते एकटेच. एकोणऐंशी साली पेन्शन घेऊन घरी आले आणि बापजाद्यांच्या चार एकरांत राबायला लागले. पारावर बसायचे, पण बोलायचे नाहीत. एक तर त्यांना कमी ऐकू यायचं. जेट विमानाच्या आवाजात वर्षानुवर्षं उभं राहून कान गेलेले. लोक त्यांच्याशी ओरडून बोलायचे, आणि ज्याच्याशी ओरडून बोलावं लागतं त्याला लोक हळूहळू खुळ्यात काढतात.

त्यांची आणखी एक खोड होती. रानातून निघताना खुरपी मोजायचे. आठ बायका खुरपायला असल्या तर आठ खुरपी हातात आल्याशिवाय बांध सोडायचे नाहीत. एकदा एक खुरपं सापडेना, तर अंधार पडला तरी बॅटरी घेऊन सऱ्या धुंडाळत बसले. आई वैतागून म्हणाली, "आवं दाजी, चार रुपयाचं खुरपं, जाऊ द्या की!" आबा म्हणाले, "चार रुपयाचं हाय म्हणून काय झालं? गेलं कुठं त्ये कळायला नगं?"

मी चौथीत असताना गुरुजींनी वर्गात विचारलं, कुणाच्या घरातलं कोण लढाईत होतं? पोरं एकेक करून सांगायला लागली. कुणाच्या बापानं बंदूक चालवलेली, कुणाच्या आजोबांना गोळी लागलेली. माझी पाळी आली आणि मी उठून बेधडक सांगितलं, "आमचे आबा विमान चालवायचे. पाकिस्तानवर बाँब टाकलेत त्यांनी." वर्ग गार झाला. त्या दिवसापुरता मी राजा होतो.

गुरुजींना ते खरं वाटलं. त्यांनी सव्वीस जानेवारीला आबांनाच झेंडावंदनाचे पाहुणे म्हणून बोलावलं आणि सगळ्या गावासमोर सांगितलं, की आपल्या गावचे वैमानिक आज आपल्याला दोन शब्द सांगतील. आबांना ते ऐकू आलं नाही. शेजारच्या सरपंचांनी कानात ओरडून सांगितलं तेव्हा ते उठले. माझ्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "म्या विमान चालवलं न्हाई. म्या आर्मामेंट फिटर. विमानाला बंदुका, राकेट, बाँब लावायचं काम माझं. चालवणारं सायेब येगळं." आणि खाली बसले.

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी पंक्चर काढायचा व्हय रं!" सगळं पटांगण हसलं. तेव्हापासून गावात त्यांचं नाव 'पंक्चरवाला आबा' पडलं, ते पुष्कळ वर्षं तसंच राहिलं. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. मार दिला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

१९९७ साली 'बॉर्डर' सिनेमा आला. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो. आबांना तालुक्याच्या टॉकीजला घेऊन गेलो. लोंगेवालाच्या चौकीवर रात्रभर लढाई चालते आणि सकाळी आपली विमानं येऊन रणगाडे फोडतात, तेव्हा टॉकीजमध्ये शिट्ट्या आणि टाळ्यांनी कान फुटायची वेळ आली. आबा हलले नाहीत. परत येताना एसटीत शेजारी बसले आणि आपणहून बोलायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा.

"इमानं सकाळीच का आली, ठावं हाय का तुला?"

मला ठाऊक नव्हतं. आबा तेव्हा जैसलमेरला होते, हेही मला त्या एसटीत कळलं.

त्या रात्री त्यांनी सांगितलं आणि पुढं मी वाचून पडताळलं, ते असं. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडच्या तळांवर हल्ले केले आणि युद्ध पेटलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे चार तारखेच्या रात्री, चाळीसहून जास्त रणगाडे घेऊन पाकिस्तानी फौज राजस्थानच्या वाळवंटात लोंगेवालाच्या चौकीवर चालून आली. चौकीत पंजाब रेजिमेंटच्या तेविसाव्या बटालियनची एक कंपनी, सव्वाशेच्या आतली माणसं. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी त्यांचे प्रमुख. त्यांनी जैसलमेरच्या तळाकडं मदत मागितली. तळाचे प्रमुख विंग कमांडर एम. एस. बावा. तळावर हंटर विमानं होती, पण हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच. आणि हंटरला रात्री जमिनीवरचं लक्ष्य हेरून मारायची सोय नव्हती. उजाडेपर्यंत थांबणं भाग होतं.

"सायेब लोक उजाडायची वाट बघत व्हते," आबा म्हणाले, "आन् आमी उजाडू नये म्हनत व्हतो. काम सरत न्हवतं."

हंटर हे ब्रिटिश बनावटीचं विमान. भारतानं १९५७ पासून ते घ्यायला सुरुवात केली. हवेत दुसऱ्या विमानाशी लढायचं आणि खाली जमिनीवरही मारा करायचा, अशी दोन्ही कामं करणारं. मराठीत आपण त्याला लढाऊ-बाँबफेकी विमान म्हणतो. त्याच्या पोटात तीस मिलिमीटरच्या चार एडन तोफा असतात. या तोफा आणि त्यांच्या गोळ्यांचे पट्टे एकाच मोठ्या पेटीत बसवलेले. नळ्या तेवढ्या विमानातच राहायच्या. विमान उतरलं की रिकामी पेटी खाली घ्यायची, दुसरी भरलेली पेटी वर चढवायची आणि जोडून द्यायची. आबा म्हणाले, "मोटंवर बैलं थकली की दुसरी जोडी जुपायची, तसंच. फकस्त हितं जोडी बदलायला काही मिनिटंच मिळायची." पंखाखाली रॉकेटं लावायची ती वेगळी. तेल भरणारे वेगळे, इंजिन बघणारे वेगळे, रेडिओवाले वेगळे. सगळे एकाच वेळी त्या विमानाला मुंग्यांसारखे चिकटलेले.

वाळवंटातली डिसेंबरची रात्र. लोखंडाला हात लावला तर कातडं ओढून निघतंय असं वाटावं एवढी थंडी. हातमोजे घातले तर बारीक पिना धरता येत नाहीत, म्हणून उघड्या हातांनीच काम. ब्लॅकआउट असल्यामुळं बॅटरीच्या काचेवर कागद चिकटवलेला. त्या एवढ्याशा उजेडात गोळ्यांच्या पट्ट्यातला प्रत्येक दुवा बोटांनी चाचपायचा. एक दुवा वाकडा असला तरी तोफ वर जाऊन अडकणार, आणि अडकलेली तोफ घेऊन तो माणूस रणगाड्यांच्या डोक्यावर फिरणार.

पाच तारखेला उजाडलं तशी पहिली दोन विमानं उडाली. जैसलमेरहून लोंगेवाला रस्त्यानं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. जेटला ते अंतर काहीच नाही. वाळूत रुतलेले, उघड्यावर सापडलेले रणगाडे आणि त्यांच्या डोक्यावर आपलं कुठलंही विमान नाही, अशी पाकिस्तानी फौजेची गत झाली. खालून वर मारा करत, गोल गोल फिरत, वाळू उडवत ते रणगाडे पळत राहिले. त्यांच्या चाकोऱ्यांची वेटोळी वाळवंटावर कशी उमटली होती ते वरून काढलेल्या फोटोंत आजही दिसतं.

त्या रणगाड्यांवर सैन्याचं एक बारकं विमान घिरट्या घालत हंटरना जागा दाखवत होतं. चालवणारे होते मेजर आत्मासिंग. त्या विमानाचं नाव 'कृषक'. हे सांगताना आबा एसटीत मोठ्यानं हसले. "कृषक म्हंजी शेतकरी. शेतकरी वरनं राखण करतोय आन् पाखरं खाली उतरत्यात, असं उलटंच व्हतं बघ."

पण त्या दिवशी खरं महत्त्व कशाला होतं, ते मला आबांच्या बोलण्यातून कळलं. विमानं मोजकी. ती एकदा जाऊन आली आणि तासभर जमिनीवर बसली, तर चौकी गेलीच. तीच विमानं, तेच वैमानिक, दिवसभर पुन्हा पुन्हा गेले, तेव्हा वाळवंटात शत्रूला वाटलं असेल की विमानांची रांग लागली आहे. चार विमानांची दहा करण्याची ही करामत आकाशात होत नव्हती, ती जैसलमेरच्या फरशीवर होत होती. विमान उतरायचं, इंजिन बंद व्हायच्या आत ही माणसं खाली शिरायची. अंधार पडेपर्यंत कुणी जेवायला गेलं नाही.

"इमान परत आलं की आमी पयलं सायबाकडं न्हाई बघायचो," आबा म्हणाले. "नळ्यांच्या तोंडाकडं बघायचो. काळं झालं असलं तर तोफा चालल्या. मग जीव खाली पडायचा." वैमानिकानं तोंड उघडण्याआधी जमिनीवरच्या माणसांना लढाईची बातमी त्या काजळीवरून कळायची.

एसटी गावच्या फाट्यावर आली, आम्ही उतरलो. फाट्यापासून घरापर्यंत दोन मैल चालायचं होतं. चांदणं होतं. त्या वाटेवर मी विचारलं, "आबा, तुम्ही हे कधीच का सांगितलं नाही? त्या सव्वीस जानेवारीला सांगितलं असतं तर लोक हसले नसते." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मग म्हणाले, "येकाहत्तरचं सांगितलं तर पासष्टचं पन सांगाया लागलं असतं."

पासष्टच्या सप्टेंबरात ते पंजाबातल्या एका तळावर होते, मिस्टेर विमानांवर. हे फ्रेंच बनावटीचं, तेही जमिनीवर मारा करणारं. नोकरीला पाचसहा वर्षं झालेली, वय पंचवीस.

विमान उडायच्या आधी एक फॉर्म भरायचा असतो. सातशे नंबरचा फॉर्म म्हणतात. इंजिनवाल्यानं इंजिन तपासलं म्हणून सही करायची, विजेच्या कामवाल्यानं त्याची, हत्यारवाल्यानं त्याची. सगळ्यांच्या सह्या झाल्या की शेवटची सही वैमानिकाची. म्हणजे तो लिहून देतो, की या माणसांच्या सह्यांवर माझा भरवसा आहे, मी हे विमान घेतो. फॉर्म विमानाबरोबर जात नाही. तो जमिनीवर राहतो.

आणि पिना. बाँब, रॉकेट जमिनीवर असताना चुकून सुटू नये म्हणून पिना घातलेल्या असतात. प्रत्येक पिनेला लाल फीत, लांबून दिसावी म्हणून. उडायच्या अगदी आधी हत्यारवाला त्या काढतो, विमानासमोर बाजूला उभा राहतो आणि हात वर करून वैमानिकाला दाखवतो. वैमानिक काचेतून मोजतो, अंगठा वर करतो आणि निघतो.

"म्या दाखवल्या," आबा म्हणाले. "सायबानं अंगठा केला. हसलं बी. माझ्याच वयाचं पोरगं. गेलं."

चार विमानं गेली होती. तीन आली. तळावर सगळे आकाशाकडं बघत उभे. विमानात तेल किती भरलंय हे भरणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून ते किती वेळ वर राहू शकतं हेही ठाऊक असतं. ती वेळ टळली. तरी कुणी जागचं हललं नाही. मग एक साहेब आले, त्या विमानाचा फॉर्म मागून घेतला आणि सील करून नेला. विमान परत आलं नाही की तसाच नियम असतो, चौकशीला कागद लागतो. त्या कागदावर आबांची सही होती.

"पिना माझ्या हातात. फिती वाऱ्यानं उडत हायत. आन् इमान कुठाय?"

चौकशीत काही निघालं नाही. बरोबरच्या वैमानिकांनी खालून मारा होताना बघितलं होतं. आबांना कुणी बोल लावला नाही. पण रॉकेट सुटलं नसेल का, सुटायला वेळ लागला म्हणून तो जास्त खाली गेला असेल का, माझ्या हातून एखादं जोडणं सैल राहिलं असेल का, हे प्रश्न विचारायला कुणी दुसरा लागत नाही. ते माणूस स्वतःलाच विचारतो. आबा बत्तीस वर्षं विचारत होते.

"मग पिनांचं काय केलंत?"

"स्टोअरला जमा केल्या. हिशोब बरोबर आला."

मग मला त्या अंधारात सरीसरीनं खुरपं धुंडाळणारे आबा आठवले. त्यांच्या कामात एखादा पाना कमी आला तर विमान उडू द्यायचं नसतं, कारण तो आत कुठं राहिला असेल सांगता येत नाही. मोजून पुरं आल्याशिवाय बांध सोडायचा नाही, ही सवय तिथली. आम्ही तिला खोड समजत होतो.

पुढं मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. १९६५ च्या ७ सप्टेंबरला कोडगूचे स्क्वाड्रन लीडर देवय्या मिस्टेर घेऊन सरगोध्यावर गेले आणि परतले नाहीत. त्यांचं काय झालं ते आपल्याकडं वर्षानुवर्षं कळलं नव्हतं. त्यांनी एका वेगवान स्टारफायटरशी झुंज देऊन ते पाडलं, हे बाहेरच्या लिखाणातून उजेडात आलं आणि १९८८ साली, तेवीस वर्षांनी, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांच्याही विमानाच्या पिना कुणीतरी हातात धरल्या असतील. तेवीस वर्षं त्या माणसानं काय केलं असेल, हा विचार आबांना ओळखत नसतो तर माझ्या मनात आला नसता.

दुसरं एक नाव आपल्या मराठी माणसाचं. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. सुखोई-७ या लढाऊ-बाँबफेकी विमानाचे वैमानिक. ज्या ५ डिसेंबर १९७१ ला जैसलमेरच्या तळावर टाळ्या पिटल्या जात होत्या, त्याच दिवशी पाकिस्तानातल्या शोरकोट रोडच्या तळावर हल्ला करताना त्यांचं विमान पडलं. बेपत्ता म्हणून नोंद झालेल्या चोपन्न जणांच्या यादीत त्यांचं नाव आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या. लग्नाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांनी नवऱ्याचा शोध घेण्यात सगळं आयुष्य घातलं. एकच दिवस, पण एका तळावर विमानं मोजून पुरी आली आणि दुसऱ्यावर एक जागा रिकामी राहिली.

आबांसारख्यांची जात हवाई दलाच्या जन्मापासूनची आहे, हेही वाचताना कळलं. हवाई दल कागदोपत्री ८ ऑक्टोबर १९३२ ला उभं राहिलं आणि पुढच्या एप्रिलात कराचीजवळच्या ड्रिग रोडला चार वापिटी विमानांवर काम सुरू झालं. मूठभर भारतीय वैमानिक आणि त्यांच्या विमानांची देखभाल करायला मूठभर 'हवाई सिपाही'. त्यातले एक हरजिंदरसिंग. इंजिनिअरिंग शिकलेला माणूस, पण आपली विमानं आपल्याच हातांनी चालू ठेवता आली पाहिजेत या इर्षेनं साधा हवाई सिपाही म्हणून भरती झाला आणि एअर व्हाइस मार्शल होऊन निवृत्त झाला. फाळणीनंतर ब्रिटिशांनी मोडून टाकलेली लिबरेटर बाँबर विमानं कानपूरच्या भंगारातून उभी करून उडवण्यामागं हेच हरजिंदरसिंग होते.

आणि या जमिनीवरच्या माणसांत सगळेच काही गणवेशातले नव्हते. एकाहत्तरलाच भूजची धावपट्टी बाँबहल्ल्यात उखडली, तेव्हा तळाचे प्रमुख विजय कर्णिक यांच्या हाकेला शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे तीनशे बायका धावून आल्या. तीन दिवसांत त्यांनी धावपट्टी दुरुस्त केली. वरून दिसू नये म्हणून शेण सारवलं. विमान आलं की भोंगा व्हायचा, की झुडपात पळायचं, गेलं की परत कामाला. हे मी आबांना वाचून दाखवलं, मोठ्यानं. ते म्हणाले, "बघ. इमानाला शेनसुदिक लागतं."

आबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर माजी सैनिकांची यादी रंगवली आहे, तिच्यात त्यांचं नाव आहे. नावापुढं नुसतं 'वायुसेना' लिहिलंय. त्यामुळं नव्या पोरांना ते वैमानिक होते असंच वाटतं.

मागच्या सव्वीस जानेवारीला शाळेनं मला बोलायला बोलावलं. बाईंनी ओळख करून देताना सांगितलं, की यांचे चुलते विमान चालवायचे. चौथीतलं माझं खोटं चाळीस वर्षं फिरून माझ्याच पुढ्यात आलं होतं. मी उठलो आणि आबांनी सांगितलं होतं तेच, तेवढ्याच शब्दांत सांगितलं. आमच्या आबांनी विमान चालवलं नाही. ते आर्मामेंट फिटर होते.

या वेळी कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतल्या एका पोरीनं विचारलं, "मग ते विमान गेल्यावर काय करायचे?"

"वाट बघायचे," मी म्हणालो. आणि मग पिनांची गोष्ट सांगितली, फॉर्मची सांगितली, नळ्यांच्या तोंडावरच्या काजळीची सांगितली. त्या पोरानं अंगठा वर केला होता आणि तो हसला होता, हेही सांगितलं. पोरं गप्प बसून ऐकत होती.

त्या संध्याकाळी रानात गेलो. खुरपणीच्या बायका निघायच्या गडबडीत होत्या. मी खुरपी मोजली. नऊ होती. नऊच्या नऊ पाटीत टाकली आणि मगच बांध सोडला.